जानेवारीतलं व्हिएन्ना: एकाला थंडी आवडते, दुसऱ्याला सोसत नाही

ओसरी

व्हिएन्नाचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाताळचे बाजार येतात. आम्ही दोघं मुद्दाम ते उठल्यावर गेलो. ६ जानेवारीला तिथे तीन राजांच्या (बाळ येशूच्या भेटीला आलेल्या) सणाची सुट्टी असते. ती झाली की पर्यटकांची लाट ओसरते, हॉटेलांचे दर खाली येतात आणि गावातली माणसं आपापल्या कामाला लागतात. ऑपेरा, मैफली, संग्रहालयं मात्र जोरात चालू असतात, कारण त्यांचा खरा मोसम हाच. म्हणून हट्टाने जानेवारी धरला.

अडचण घरातच होती. मला थंडी आवडते आणि नवऱ्याला पुण्यातल्या डिसेंबरातसुद्धा कानटोपी लागते. त्यामुळे या धाग्यात निम्मी बाजू त्याची आहे असं समजा.

आधी उजेडाचं गणित. जानेवारीच्या मध्यावर तिथे पावणेआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारच्या आत मावळतं. उजाडतं तेही पंचांगापुरतं, कारण ढगांचा राखाडी थर कित्येक दिवस जागचा हलत नाही. पारा शून्याच्या आजूबाजूला, दोन-चार अंश इकडे किंवा तिकडे. आकडा ऐकून भीती वाटत नाही, पण वारा ओलसर असतो आणि कोपऱ्यावर वळलं की तो थेट अंगावर येतो. पांढऱ्याशुभ्र बर्फाची आशा ठेवून जाऊ नका. शहरात बर्फ पडला तरी फारसा टिकत नाही.

यावर आम्ही साधा नियम केला. दहा ते दोन बाहेर, नंतर छताखाली. हे शहर त्यासाठी अगदी सोयीचं आहे. पाहण्यासारखं जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त भिंतींच्या आत आहे, आणि दोन ठिकाणांच्या मध्ये एक तरी कॅफे लागतोच.

पहिल्या दिवशी जेट लॅगमध्ये पाय ओढत हिंडण्यापेक्षा ट्राममध्ये बसलो. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफने जुना तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागेवर रिंगस्ट्रास हा रुंद रस्ता झाला. संसद, नगरभवन, विद्यापीठ, ऑपेरा, दोन्ही मोठी संग्रहालयं, सगळं त्याच्या कडेने. एकच ट्राम आता पूर्ण फेरी मारत नाही, १ आणि २ यांच्यात अदलाबदल करावी लागते. उबदार डब्यात बसून अख्ख्या शहराची ओळख होते. नवरा त्या दिवशी खूश होता.

साशंक_काका

छान सुरुवात. पण इतका खर्च करून एवढ्या लांब जायचं आणि एकच शहर? आमच्या ओळखीत लोक तेवढ्याच सुट्टीत प्राग, बुडापेस्ट, साल्झबर्ग, हालश्टाट सगळं करून येतात. आणि व्हिसाचंही सांगा. थंडीत लवकर मिळतो म्हणतात, खरं का?

ओसरी

काका, येतील की करून. पण उजेड असतो जेमतेम आठ-साडेआठ तास, त्यातले निम्मे गाडीत गेले तर पाहणार काय? हालश्टाटला व्हिएन्नाहून एका बाजूचेच साडेतीन तास लागतात. हिवाळ्यात तिथे पोहोचून फोटो काढेपर्यंत परतीची गाडी. त्यापेक्षा ब्रातिस्लाव्हा बरं, रेल्वेने तासाभरावर आहे. आम्ही तेही सोडलं, आणि चुकल्यासारखं वाटलं नाही.

व्हिसा हिवाळा पाहून लवकर मिळतो असं काही नसतं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा हवा. दोघांचे अर्ज वेगवेगळे भरा, पण भेटीची वेळ एकत्र घ्या.

हिवाळी_पाखरू

म्युनिकहून लिहितेय. ओसरीताई, राग मानू नका, पण डिसेंबर टाळून व्हिएन्ना म्हणजे मला पटत नाही. नगरभवनासमोरचा बाजार गर्दीचा आहे, मान्य. पण श्पिटेलबेर्गच्या अरुंद गल्ल्यांतला किंवा कार्ल्सकिर्श या चर्चसमोरचा बाजार पाहा. संध्याकाळी पाचला मिट्ट काळोख, त्यात दिवे, भाजलेल्या चेस्टनटचा वास, हातात पुन्श या गरम पेयाचा मग. मगासाठी अनामत घेतात, परत केला की पैसे परत, आवडला तर घरी न्या. आमच्याकडे दरवर्षीचे मग जमून कपाट भरलंय. थंडी न सोसणाऱ्या नवऱ्याला रस्त्यावर उभं करायचं तर डिसेंबरच पाहिजे, कारण उभं राहण्यासारखं काहीतरी असतं!

ओसरी

तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण गर्दीत खांद्याला खांदा लावून गरम पेय पिण्यात मला फार रस नाही. आणि आमच्या वेळी काही सगळं संपलेलं नव्हतं. ठिकठिकाणी नाताळची झाडं टाकायच्या जागा केलेल्या होत्या आणि लोक खांद्यावरून आपापली वाळकी झाडं आणून तिथे ठेवत होते. मला हे बाजारापेक्षा जास्त आवडलं, खरं सांगायचं तर.

प्राटरकर

गेली बरीच वर्षं इथे व्हिएन्नाच्या दुसऱ्या जिल्ह्यात राहतोय, म्हणून थोडी भर. ती झाडं महापालिका गोळा करते आणि झिमरिंगच्या बायोमास केंद्रात जाळते. त्यातून वीज आणि घरं तापवायची ऊब मिळते. आणखी एक गोष्ट पाहिली असेल. घरांच्या दारांवर खडूने चालू वर्षाचे आकडे आणि मध्ये सी, एम, बी ही अक्षरं लिहिलेली असतात. सहा जानेवारीच्या आसपास मुलं राजांचे वेश करून गाणी म्हणत दारोदार फिरतात, दानासाठी पैसे जमवतात आणि ते लिहून जातात. वर्षभर कोणी पुसत नाही.

ओसरीताई, पायाखाली बारीक खडी लागली असेल. बर्फ पडला की सकाळी सहा ते रात्री दहा आपल्या घरासमोरचा पदपथ मोकळा ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. लोक कंत्राट देतात आणि कंत्राटदार बर्फ पडो न पडो खडी पसरतात. ती बुटांच्या तळव्यात अडकून घरभर येते. हिवाळाभर आमच्याकडे हेच.

ओसरी

हो हो, ती खडी हॉटेलच्या गालिच्यापर्यंत यायची! धन्यवाद, मला वाटलं कुठेतरी काम चालू आहे.

पुढचा भाग. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे कलेतिहासाचं संग्रहालय. १८९१ मध्ये उघडलं. हिवाळ्यात सोमवारी बंद असतं आणि गुरुवारी रात्री नऊपर्यंत चालू. समोरासमोर त्याची जुळी इमारत निसर्ग-इतिहासाची, ती मंगळवारी बंद. हे वार पाठ करा, नाहीतर गारठ्यात बंद दारापुढे उभं राहावं लागेल.

माझ्यासाठी हा प्रवास एका खोलीसाठी होता. थोरल्या पीटर ब्रॉयगेलची चित्रं जगात एका जागी सर्वांत जास्त इथे आहेत. 'बर्फातले शिकारी' हे १५६५ चं. अँटवर्पच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने आपल्या घरासाठी वर्षाच्या ऋतूंची सहा चित्रं करवून घेतली होती. त्यातली पाच उरली आहेत आणि तीन या एका खोलीत. बाकीच्यांतलं एक प्रागला, एक न्यूयॉर्कला.

छापील चित्रात कळत नाही ते इथे कळतं. शिकारी पाठमोरे आहेत, चेहरे नाहीतच. सगळ्यांच्या मिळून हाती लागलाय एक कोल्हा, आणि कुत्र्यांच्या माना खाली. डावीकडे खाणावळीची पाटी एका कडीवर लोंबकळतेय आणि तिच्याखाली बाया-माणसं जाळ करून उभी. खाली दरीत गोठलेल्या तळ्यांवर चिमुकली माणसं घसरगुंडी खेळतायत. एक बाई पुलावरून सरपणाचा भारा घेऊन चाललीय, ती दिसायला नीट जवळ जावं लागतं. सगळं आकाश हिरवट-राखाडी. बाहेर खिडकीत पाहिलं तर तोच रंग. उन्हाळ्यात हे चित्र पाहणाऱ्याला हा योग कुठून मिळणार?

खोल्यांच्या मधोमध मऊ सोफे आहेत. नवरा एका सोफ्यावर बसला तो उठेना. आधी वाटलं पेंगतोय. नंतर म्हणाला, "त्या मागच्या शिकाऱ्याची चाल बघ, दिवसभर हिंडून हात हलवत घरी निघालेल्या माणसाची आहे." मग आम्ही दोघंही तिथेच बराच वेळ.

जिन्यावर मान वर करून खांबांच्या मधली चित्रं पाहायला विसरू नका. ती तरुणपणीच्या क्लिम्ट या चित्रकाराची आहेत, तो प्रसिद्ध होण्याआधीची. त्याचं सोनेरी 'चुंबन' वरच्या बेल्वेडेरे राजवाड्यात आहे, तिथे फोन उंचावलेल्या हातांमधून चित्र शोधावं लागतं. पाहिलं, निघालो.

तिखटमीठ

बाप्पा, चित्रं झाली, आता पोटाचं बोला! आम्ही नागपूरचे, दोघंही शाकाहारी. अंडं चालते, बाकी काही नाही. तिथे उपाशी तर नाही राहणार ना?

ओसरी

अजिबात नाही. कॅझश्पेट्झलं नावाचा प्रकार मिळतो, अंडं घातलेल्या पिठाच्या छोट्या शेवया भरपूर चीजमध्ये घोळून वर तळलेला कांदा. थंडीत तो खाल्ला की रात्रीच्या जेवणाची गरज राहत नाही. बटाट्याची कुरकुरीत थालीपिठं मिळतात, लसूण लावलेली. कायझरश्मारन म्हणजे फाडलेलं गोड धिरडं आणि आलुबुखाराची चटणी. हे गोड असलं तरी लोक जेवण म्हणून खातात.

एक इशारा. धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं स्वच्छ सूप दिसायला निरागस असतं, पण ते गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. सूप मागवताना दर वेळी विचारा. नाशमार्क्टमध्ये फलाफल, ऑलिव्ह, पाव, चीज भरपूर, पण तो बाजार रविवारी बंद. किराण्याची दुकानंही रविवारी बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही सोडून. शनिवारी संध्याकाळीच दूध-पाव आणून ठेवा.

प्राटरकर

आणि घरून नेण्याबद्दल. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पनीर, खवा घरीच ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. भडंग, चकल्या, मेतकूट, बाकरवडी खुशाल आणा आणि मला कळवा, स्टेशनवर घ्यायला येतो :)

तिखटमीठ

हे बरं केलं सांगितलं, सासूबाई तुपाची बरणी देणारच होत्या! आणि ते केक-कॉफीचं? फार नावाजतात.

ओसरी

कॅफेंवर मी वेगळा धागा काढू शकते, पण आवरतं घेते. कॅफे सेंट्रलबाहेर जानेवारीतही रांग होती. खांब-कमानी सुंदर आहेत, पण थंडीत रांग लावण्याइतकं काही नाही. आम्ही गुम्पेनडॉर्फर रस्त्यावरच्या कॅफे श्पेर्लमध्ये जायचो. १८८० चा आहे. बिलियर्डची टेबलं, झिजलेल्या गाद्या, लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं. मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवली की चांदीच्या तबकात कॉफी आणि सोबत पाण्याचा छोटा ग्लास. एका कपावर दोन तास बसा, मागितल्याशिवाय बिल येत नाही. वेटर रुक्ष असतात. ते मनावर घ्यायचं नाही, सगळ्यांशीच तसे वागतात.

झाखर टोर्ट मला कोरडा वाटला. चॉकलेटचा केक, आत जर्दाळूचा मुरंबा. तो न गोडवलेल्या फेटलेल्या सायीबरोबरच खायचा असतो, तरच उतरतो. त्यापेक्षा सफरचंदाचा श्ट्रुडेल शंभर पट बरा.

हिवाळी_पाखरू

केकबद्दल घोर असहमती :) पण कथा मजेची आहे. १८३२ मध्ये मेटर्निख या ऑस्ट्रियन मुत्सद्द्याच्या घरच्या मेजवानीसाठी फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवार पोराने तो केला असं सांगतात. पुढे 'अस्सल' म्हणायचा हक्क झाखर हॉटेलचा की डेमेल मिठाईवाल्यांचा, यावर दोघं अनेक वर्षं कोर्टात भांडले. अस्सल हा शब्द हॉटेलला मिळाला. मुरंब्याचा थर मधोमध हवा की फक्त वरच्या चॉकलेटखाली, हाही वादाचा मुद्दा होता.

साशंक_काका

पाण्याचा ग्लास फुकट देतात ना? युरोपात पाण्याचे पैसे पडतात म्हणून विचारतो.

प्राटरकर

काका, कॉफीबरोबरचं फुकट. नुसतं पाणी मागवलं तर काही ठिकाणी थोडे पैसे लावतात. पण बाटल्या विकत घेऊच नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली वाहिनी १८७३ मध्ये राक्स आणि श्नेबेर्ग या डोंगरांतून आणली, दुसरी १९१० मध्ये. बहुतेक वाटभर पाणी उताराने आपोआप येतं. हिवाळ्यात नळाचं पाणी इतकं गार असतं की दात शिवशिवतात.

ओसरी

आता ऑपेरा. नवरा आधीच म्हणाला होता, "न कळणाऱ्या भाषेत, तेही उभं राहून?" श्टाट्सऑपर या सरकारी ऑपेरागृहात उभं राहून पाहायची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी विकतात. बसायच्या चांगल्या जागेच्या किमतीपुढे ती अगदीच किरकोळ. आत गेल्यावर लोक आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधतात आणि बाहेर फिरायला जातात. बांधलेल्या मफलरची जागा कोणी घेत नाही. कोट मात्र आधी जमा करावा लागतो. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यात इंग्रजीत ओळी दिसतात, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही.

हे घर १८६९ मध्ये मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हान्नी'ने उघडलं. १२ मार्च १९४५ ला बाँबहल्ल्यात प्रेक्षागृह जळालं, दर्शनी भाग आणि मुख्य जिना वाचला. १९५५ मध्ये बेथोव्हनच्या 'फिडेलिओ'ने पुन्हा सुरू झालं. म्हणजे जिना चढतो तो जुना आणि सभागृह युद्धानंतरचं. फरक लगेच जाणवतो, आतला भाग बराच साधा आहे.

मध्यंतरात नवऱ्याचे गुडघे बोलायला लागले. आजूबाजूचे काही लोकही तेव्हा निघून गेले, त्यात कोणाला काही वाटत नाही. तो खाली बुफेत बसला आणि मी शेवटपर्यंत पाहिलं. दोघांनी सगळं एकत्रच केलं पाहिजे हा आग्रह सोडला की प्रवास बराच सोपा होतो.

उशिरा_उठणारी

सवाईला थंडीत सतरंजीवर रात्री काढलेल्या पुणेकरांना तीन तास उभं राहणं जड जाऊ नये :) पण नवऱ्याच्या बाजूने नक्की काय होतं ते सांगा ना. आमच्याकडेही हाच प्रकार आहे, फक्त गारठणारी मी आहे.

ओसरी

मग तुमच्यासाठी खास. शोनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या, त्यातल्या चाळीसेक दाखवतात. तिथल्या आरशांच्या दालनात सहा वर्षांच्या मोत्सार्टने १७६२ मध्ये मारिया थेरेसापुढे वाजवलं होतं. पण जानेवारीत बाग उघडीबोडकी असते, पुतळ्यांवर आच्छादनं असतात. मी टेकडीवरच्या ग्लोरिएट्टे या कमानींच्या इमारतीपर्यंत चढून गेले आणि नवरा पामच्या काचघरात शिरला. ते १८८२ चं आहे, लोखंड आणि काच, आत उष्ण प्रदेशातली झाडं. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. मी परत आले तेव्हा कोट, स्वेटर, कानटोपी सगळं बाकावर आणि स्वारी केळीच्या पानांखाली, माडाच्या वाडीत दुपारी बसावं तशी. असंच दुसरं घर राजवाड्याजवळच्या बुर्गगार्टनमध्ये आहे, फुलपाखरांचं.

शिवाय राष्ट्रीय ग्रंथालयाचं भव्य दालन, सेंट स्टीफन्स कॅथेड्रलचा उत्तरेचा मनोरा (लिफ्ट आहे, आणि वीस टनांहून जड पुम्मेरिन घंटा तिथेच आहे). दक्षिणेच्या मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तो मी एकटीने चढले. वरून छपराची रंगीत कौलं दिसतात.

कपड्यांचं म्हणाल तर एका जाड कोटापेक्षा आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं काहीतरी. आतल्या जागा इतक्या तापवलेल्या असतात की दर तासाला सोलत बसावं लागतं, म्हणून चेनवाले कपडे घ्या. बूट पाणी न शिरणारे आणि तळवा जाड. गार फरशीतून थंडी वर चढते, ती कोटाने थांबत नाही.

जुनं_पान

धागा आवडला. व्हिएन्नाचा आपल्याशी असलेला एक धागा इथे कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. १९३३ मध्ये सुभाषबाबू उपचारांसाठी व्हिएन्नाला आले. त्याच वेळी विठ्ठलभाई पटेलही तिथे आजारी होते. गिरगावातला व्ही. पी. रोड ज्यांच्या नावाचा, तेच हे विठ्ठलभाई. गांधीजींनी कायदेभंग स्थगित केल्यावर दोघांनी व्हिएन्नाहून एकत्र पत्रक काढून त्यावर कडक टीका केली. विठ्ठलभाई त्याच वर्षी ऑक्टोबरात जिनिव्हाजवळ गेले, शेवटी सुभाषबाबू त्यांच्या जवळ होते. पुढे १९३४ मध्ये व्हिएन्नातच सुभाषबाबूंना पुस्तकाच्या टंकलेखनासाठी एमिली शेंकल भेटल्या. त्यांची मुलगी अनिता १९४२ मध्ये तिथेच जन्मली. एमिलीबाई आयुष्यभर व्हिएन्नातच राहिल्या, १९९६ मध्ये वारल्या.

आपले पुढारी उपचारांना व्हिएन्नालाच का जात, याचंही कारण आहे. तिथलं वैद्यकशास्त्र त्या काळी फार पुढे होतं. रक्तगटांचा शोध लँडश्टायनरने तिथेच लावला.

ओसरी

हे मला अजिबात माहीत नव्हतं! जाण्याआधी विचारायला हवं होतं. धन्यवाद.

कल्याण_स्लो

ओसरीताई, बर्फ पाहायला मिळाला की नाही शेवटी? आणि सेमरिंगला, तिथल्या डोंगरातल्या रेल्वेघाटाला, गेलात का? नसाल तर मी या धाग्यावर रुसणार आहे.

ओसरी

गेलो, आणि बर्फ तिथेच भेटला. व्हिएन्नाहून रेल्वेने साधारण सव्वा तास. निघताना राखाडी, ग्लोग्निट्झ सुटलं आणि गाडी वळणं घेत चढायला लागली तसे झाडांवर पांढरे ठिपके, मग एकदम सगळंच पांढरं. ढग खाली राहिले आणि कित्येक दिवसांनी ऊन दिसलं. नवरा स्टेशनबाहेरच्या बाकावर तोंड वर करून उन्हात बसला होता. रस्त्यावर मुलं घसरगाड्या ओढत चालली होती. राखाडीला कंटाळलात तर अंदाज बघून असा एक दिवस डोंगरात काढाच.

कल्याण_स्लो

वा! मग आता ऐका. सेमरिंगचा मार्ग १८४८ ते १८५४ मध्ये कार्ल गेगा या अभियंत्याने बांधला. तेव्हा एवढा चढ ओढणारं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. काम सुरू झाल्यावर, १८५१ मध्ये, इंजिनांची स्पर्धा घेतली. म्हणजे आधी घाट, मग इंजिन! मार्ग साधारण ४१ किलोमीटरचा, १६ व्हायाडक्ट (दरीवरचे उंच पूल), काही दोन मजली कमानींचे. १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

हे मी का सांगतोय? कारण आपला बोरघाट १८६३ चा, म्हणजे जेमतेम नऊ वर्षांनी धाकटा. बोरघाटाचा चढ ३७ ला १, सेमरिंगचाही जवळपास तेवढाच. फरक असा की गेगाने डोंगराला वळसे घालत सलग चढ काढला. आपल्याकडे सह्याद्रीची भिंत इतकी सरळ की मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं, तिथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं. ते १९२९ पर्यंत चालू होतं. कर्जतला बँकर (घाट चढायला मागून ढकलणारं जास्तीचं इंजिन) लागताना चहा पिणाऱ्या माणसाने सेमरिंगला जायलाच पाहिजे.

आणि लवकर जा. डोंगराखालून २७ किलोमीटरचा नवा बोगदा होतोय. या दशकाच्या अखेरीस तो सुरू झाला की जलद गाड्या त्यातून जातील. जुना मार्ग राहणार आहे, पण खिडकीत बसून सहज जाता जाता तो दिसणं संपलं.

साशंक_काका

मंडळी, पटलं थोडं थोडं. एकच शहर ठीक, पण सेमरिंगसकट. तिकिटांचं सांगा. तिथे मेट्रोला फाटकं नाहीत म्हणे, म्हणजे तपासत नाहीत?

प्राटरकर

काका, हा मोह नको! फाटकं नाहीत, पण साध्या कपड्यातले तपासनीस अचानक उभे राहतात आणि दंड शंभर युरोच्या वर आहे. पाहुणा आहे, माहीत नव्हतं, असली कारणं चालत नाहीत. तिकिटावर वेळेचा शिक्का आधीच नसेल तर फलाटाआधीच्या छोट्या निळ्या यंत्रात ते टोचून घ्यावं लागतं. न टोचलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच. शहरभर मेट्रो, ट्राम, बस सगळ्याला एकच तिकीट चालतं, तेव्हा काही दिवसांचं एकदम घ्या. विमानतळावरून शहरात यायला एस-७ ही साधी लोकल आहे. झगमगीत एक्स्प्रेसला बरेच जास्त पैसे पडतात आणि वाचतात जेमतेम दहा-बारा मिनिटं.

उशिरा_उठणारी

आमचं फेब्रुवारीचं जवळजवळ ठरलंय. तेव्हा बॉलचा, म्हणजे नाचाच्या मोठ्या समारंभांचा, मोसम असतो ना? ऑपेरा बॉलच्या आठवड्यात गेलो तर काही दिसेल का, की उगाच हॉटेल महाग पडेल?

ओसरी

बॉल जानेवारी-फेब्रुवारीत शेकड्यांनी असतात, डॉक्टरांचे, वकिलांचे, कॅफेवाल्यांचे, मिठाईवाल्यांचेसुद्धा. संध्याकाळी मेट्रोत लांब झगे आणि पायात बर्फाचे बूट घातलेल्या मुली दिसायच्या, नाचाचे बूट पिशवीत. ऑपेरा बॉल राखेच्या बुधवाराआधीच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) गुरुवारी असतो. त्यासाठी सभागृहातल्या खुर्च्या काढून सपाट जमीन करतात, म्हणून आधीचे-नंतरचे काही दिवस तिथे प्रयोग नसतात. उभ्याच्या तिकिटासाठी जाणार असाल तर तो आठवडा टाळा आणि तारखा ठरवण्याआधी ऑपेराचं वेळापत्रक उघडून पाहा.

प्राटरकर

शिवाय फेब्रुवारीत नगरभवनासमोर स्केटिंगसाठी बर्फाचं मोठं मैदान असतं, बागेतून फिरणाऱ्या वाटांसकट. बूट भाड्याने मिळतात. गारठणाऱ्यांनी कडेला बसून पाहायचं. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, आणि मेतकुटाचं विसरू नका.